कोऱ्या पाईपमधली राख

१

“ओढला! कुणीतरी ओढला!”

आरोळी ऐकून मी गॅसवरचं दूध तसंच सोडून बाहेर धावले. दूध उतू गेलं ते गेलंच, पण खरं सांगते, त्या घटकेला मला दुधाचं काही वाटलं नाही. आमच्या घरात इतकी खळबळ वर्षातून एकदाही होत नाही.

बाहेरच्या खोलीत माझे यजमान काचेच्या कपाटासमोर उभे होते. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात पाईप आणि चेहरा पांढराफटक. यांना मी मनातल्या मनात पहारेकरी म्हणते. का म्हणते, ते आधी सांगते.

माझे सासरे पाईप घडवायचे. तंबाखू ओढायचे, लाकडाचे, हातघडणीचे. एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, तिचं लाकूड सहसा जळत नाही. त्या गाठी कोरून त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांसाठी पाईप केले. पण सात पाईप त्यांनी विकले नाहीत. ते या कपाटात राहिले, कोरे करकरीत, कुणाच्या ओठालाही न लागलेले. बाबा गेले आणि पाईपांचा ताबा आमच्या पहारेकऱ्यांकडे आला. दर रविवारी मऊ फडक्याने पुसायचे. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी पाईप बघावे लागायचे. त्यातला सातवा म्हणजे यांचा जीव की प्राण. “बघा, बाकीच्यांच्या रबरी दांड्या खिडकीच्या उन्हाने शेवाळल्या. याची अजून काळीभोर! बाबांनी यात काय माल घातला असेल! असा हात पुन्हा होणे नाही.” हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

आज दुपारी संग्रहालयाच्या बाई सातही पाईप न्यायला येणार होत्या. पाठोपाठ उद्या घरामागचं वर्कशॉपही जाणार होतं. लेथ, कानशी, बाबांचं स्टूल, सगळं उचलून तिकडे काचेमागे मांडायचं होतं. बाईंची अट एकच होती, सातही पाईप कोरे हवेत. आणि एकदा ओढलेला पाईप कितीही घासला तरी पुन्हा कोरा होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

पहारेकऱ्यांनी हातातला सातवा पाईप माझ्या नाकासमोर धरला. त्याची कड काळीठिक्कर पडली होती आणि तंबाखू भरायच्या वाटीत राख होती.

२

“काका!” पहारेकरी गरजले. “खाली या आधी!”

जिन्यावरून आधी गुरगुर आली, मग धूर आला आणि मग काका आले. काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. वरच्या खोलीत एकटे राहतात. घरात सगळे त्यांना धुरांडे म्हणतात, तेही ओ देतात. तोंडात सदानकदा तो काळाकुट्ट, मळकट पाईप. तो ओढला की हुक्क्यासारखा गुरगुरतो.

“आधी तो ठोकळा विझवा,” पहारेकरी म्हणाले. “आणि सांगा, याच्यात तंबाखू कुणाचा आहे?”

काकांनी वाटीत नाक घातलं. “माझाच की! वासच सांगतोय.”

“म्हणजे कबूल?”

“तंबाखू माझा, हे कबूल. डबा वर्कशॉपमध्ये उघडा पडलेला असतो, कुणीही घ्यावा. पण मी ओढला असता तर असा चोरून कशाला ओढीन रे? तुझ्या समोर बसून, पाय पसरून ओढला असता. पाईप ओढायला असतो, हे मी तुला पहिल्यापासून सांगतोय. छत्री भिजू नये म्हणून माणूस पावसात भिजतो का?”

“किल्ली कुठे असते, ते तुम्हाला कसं कळलं?”

मला हसू आवरेना. कपाटाची किल्ली पहारेकरी स्वतःच्या लग्नातल्या बुटात ठेवतात आणि त्यांना वाटतं, ही गोष्ट जगात फक्त त्यांनाच ठाऊक आहे. आमच्याकडे भांडीवाली बाईसुद्धा तो बूट झाडून परत ठेवते.

एवढ्यात मागच्या दाराने ताई आल्या. ताई म्हणजे यांची थोरली बहीण. केसांत कायम लाकडाचा भुसा. बाबांच्या शेजारी बसून सगळं शिकल्या आणि बाबांनंतर वर्कशॉपमध्ये एकट्या राबतात. उद्यापासून कुठे राबणार, हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मी एकदा विषय काढला तर पहारेकरी म्हणाले होते, “ताई दुरुस्त्या छान करते गं. पण बाबांच्या हाताचं कुणी उरलं नाही. वर्कशॉप चालू ठेवून करायचं काय?” मला तेव्हा फार राग आला होता आणि मी तो गिळला होता.

ताईंनी जळका पाईप पाहिला. ओरडल्या नाहीत, दचकल्याही नाहीत.

“एक गेला तर गेला, बाळ,” त्या म्हणाल्या. “सहा आहेत ना? सहाच दे.”

पहारेकऱ्यांनी बहिणीकडे नुसतं बघितलं. मीही बघितलं. ताईंच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर ताजा फोड होता.

३

मी आत्यांना फोन केला. आत्या म्हणजे बाबांची बहीण. आयुष्यभर अग्निशमन दलात होत्या. बंब घेऊन आग विझवायला बाकीचे जायचे. आग विझली की ती कुठे, कशी आणि कुणामुळे लागली, हे शोधायला आत्या जायच्या. राख बघितली की त्यांना अजून तरतरी येते.

“काही पुसू नका, काही झटकू नका, आणि चहा टाक,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. चहा उकळेपर्यंत त्या दारात हजर.

खिडकीजवळ बसून त्यांनी पाईप उजेडात धरला, फिरवला, हुंगला. मग केसातला आकडा काढून राख अलगद बाजूला सारली. आम्ही सगळे माना पुढे काढून बघत होतो.

“बाळ, राखेखाली काय दिसतंय?”

“तंबाखू,” पहारेकरी म्हणाले.

“कसा?”

“कच्चा! खालचा सगळा कच्चाच आहे.”

“आता ती तार आण. पाईप आतून साफ करायची, केसाळ.”

तार ताईंनीच आणून दिली. आत्यांनी ती दांडीच्या टोकातून आत सरकवली. तार सरळ वाटीत निघाली. बाहेर ओढली तर पांढरीशुभ्र.

“हं,” आत्या म्हणाल्या, आणि चहाचा घोट घेतला. मला तर तो कप हिसकावून घ्यावासा वाटला.

“हं काय, आत्या? सांगा ना!”

“अगं, पाईप ओढतो म्हणजे माणूस काय करतो? आग खाली खेचतो. वरची कड नुसती धुरकटते, तंबाखू तळापर्यंत जळत जातो आणि दांडीच्या नळीत धुराचा चिकटा बसतो. इथे सगळंच उलटं आहे. कड भाजून निघालीय, तळ कच्चा आहे आणि नळी कोरी. वरून बर्नर धरलाय कुणीतरी. माणसाला खोटं बोलायला कुणी शिकवावं लागत नाही, पण आगीला कितीही शिकवा, तिला ते जमत नाही.”

“म्हणजे?” पहारेकऱ्यांचा आवाज चिरकला.

“म्हणजे हा पाईप कुणी ओढलेलाच नाही. कुणीतरी तो ओढल्यासारखा दिसावा म्हणून मुद्दाम जाळलाय.”

४

काकांनी टाळी वाजवली. “सुटलो! मी ओढीन, पण जाळीन कशाला?”

“बसा खाली,” पहारेकरी खेकसले. मग हळूच ताईंकडे वळले. “बर्नर वर्कशॉपमध्ये असतो. दांड्या तापवून वाकवायला.”

मला राहवेना. “अहो, संग्रहालयाच्या बाईही काल संध्याकाळी इथेच होत्या! फोटो काढत होत्या तेव्हा कपाट उघडंच होतं!”

“बाईंनी कशाला स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घ्यावा?” आत्या म्हणाल्या. “पण थांब. काल बाई नक्की काय म्हणाल्या?”

मला शब्दन् शब्द आठवत होता. बाई म्हणाल्या होत्या, सहा पाईप एका रांगेत ठेवू, पण हा सातवा दालनाच्या मधोमध, वेगळ्या काचेत, वरून दिव्याचा झोत सोडून. खाली मोठ्या अक्षरांत बाबांचं नाव, आणि त्याखाली ‘सर्वोत्तम काम’. पहारेकऱ्यांचे डोळे भरून आले होते. ताई मात्र तोंड फिरवून आत निघून गेल्या होत्या.

“झालं तर!” पहारेकरी उसळले. “राग! वर्कशॉप जातंय म्हणून राग! ताई, तुझा राग माझ्यावर काढायचास ना, बाबांच्या पाईपवर कशाला काढलास?”

ताईंचे डोळे डबडबले. मला वाटलं, आता या घरात भाऊ-बहीण पुन्हा एकमेकांशी बोलायचे नाहीत.

“बाळ, गप्प बस जरा,” आत्या म्हणाल्या. “रागाने माणूस एक पाईप जाळून थांबत नाही. सातही जाळतो. इथे एकच निवडलाय, बाकीच्यांना धक्काही लावलेला नाही. म्हणजे प्रश्न रागाचा नाही. प्रश्न असा की या एकातच असं काय आहे? तुझं कपाट उघड.”

“कशाला?”

“सहांच्या नळीत तार घालायचीय.”

“कोऱ्या पाईपांत तार!”

“तार म्हणजे तंबाखू नव्हे रे बाबा. उघड.”

पहारेकऱ्यांनी एकेक पाईप काढून दिला. आत्यांनी पहिल्यात तार घातली, ती जेमतेम गेली आणि दांडी जिथे लाकडात शिरते तिथे अडकली. दुसऱ्यातही तिथेच. मग तिसऱ्यात, चौथ्यात, आणि शेवटच्या दोन्हींतही तसंच.

“लाकडातलं भोक जरासं तिरकं पडलंय,” आत्या म्हणाल्या. “सगळ्यांत, एकाच बाजूला. एका माणसाच्या हाताची सवय आहे ती. आणि सातव्यात तार सुळकन गेली. दांडीही बघ. सहांना उन्हाने शेवाळी रंग चढला, सातवी मात्र काळीभोर. तू म्हणतोस बाबांनी खास माल घातला. मी म्हणते, या दांडीने एवढं ऊनच बघितलेलं नाही.”

पहारेकरी खुर्चीत बसले. “म्हणजे?”

“म्हणजे हा सातवा पाईप माझ्या भावाने केलेलाच नाही.”

५

दारावरची बेल वाजली. संग्रहालयाच्या बाई! सोबत खोकी, पुठ्ठे, कागद. आमचे चेहरे बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

“मी चुकीच्या वेळी आले का?”

“अगदी बरोबर वेळी आलात,” मी म्हणाले आणि त्यांना ओढून खुर्चीत बसवलं. एवढा रंगात आलेला खेळ मी दारात कुणासाठी थांबवणार नव्हते.

“मग खरा सातवा कुठे आहे?” पहारेकरी कसेबसे म्हणाले.

आत्या उठल्या, सरळ काकांकडे गेल्या आणि त्यांच्या तोंडातला पाईप उपटून घेतला.

“अगं, अगं, गरम आहे!”

“मघापासून तुझी गुरगुर ऐकतेय. चांगल्या पाईपमध्ये धूर सरळ येतो. भोक तिरकं असलं की आत पाणी साचतं आणि तो असा रडतो.” त्यांनी पाईप निववला, तार घातली. तार त्याच जागी अडकली. मग ओल्या फडक्याने वाटीची बाजू खसाखसा घासली. काळ्या मळाखालून लाकडाच्या रेषा वर आल्या, सरळ, उभ्या, कपाटातल्या सहांसारख्याच. “दांडी बदललीय, म्हणून ओळखू येत नव्हता. बाळ, तू रोज ज्याला ठोकळा म्हणून हाकलतोस ना, तो हा. तुझ्या बाबांचं सर्वोत्तम काम.”

काका छताकडे बघत होते.

“ताई,” पहारेकरी हळू आवाजात म्हणाले, “सांग.”

आता ताई बोलल्या. इतके दिवस दाबून धरलेलं भडाभडा बाहेर आलं.

“बाबांना डॉक्टरांनी पाईप ओढणं बंद केलं होतं, आठवतं ना? तू ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेला होतास. एक दिवस बाबा वर्कशॉपमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, मी जन्मभर पाईप केले, पण माझा सगळ्यात चांगला पाईप कसा लागतो ते मलाच ठाऊक नाही. मरायच्या आधी एकदा बघू दे. मी नाही कशी म्हणू रे? मीच काढून दिला. त्यांनी पेटवला, दोन झुरके घेतले, आणि तो गुरगुरायला लागला.”

“मग?”

“मग बाबा हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, गिऱ्हाइकाचा पाईप असता तर दुसऱ्या दिवशी तोंडावर परत आला असता. हे सात मी कपाटासाठी केले. बघणाऱ्याने वा म्हणावं म्हणून बाहेरून जीव ओतला, आणि आतून एकदाही ओढून बघितला नाही. आता तू कर, म्हणाले. असाच दिसेल असा कर, पण भोक सरळ पाड. ते शेजारी बसून होते, हात मात्र लावला नाही. तू यायच्या आदल्या दिवशी झाला. जुना काकांना दिला, त्याला दुसरी दांडी मी लावली.”

“आणि मला सांगितलं नाहीस!”

“बाबांनी वचन घेतलं होतं. म्हणाले, बाळला कळलं तर तो म्हणेल, त्या एका पाईपने बाबा गेले. तू म्हणाला असतास की नाही?”

पहारेकरी तसंच म्हणाले असते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

“कपाटात होता तोवर चाललं,” ताई डोळे पुसत म्हणाल्या. “घरातली गोष्ट घरात. पण काल बाई म्हणाल्या, मधोमध ठेवू, खाली बाबांचं नाव. माझ्या कामावर बाबांचं नाव लावून जगाला दाखवायचं? ते बाबांनाही आवडलं नसतं. सांगता येईना आणि देताही येईना. मग जाळला. ओढायला तोंडाशी नेला होता रे, पण धीर झाला नाही.”

६

मी पहारेकऱ्यांकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. आधी राग आला, तो स्पष्ट दिसला. मग रागाच्या मागून काहीतरी दुसरं येऊ लागलं.

“मी दर रविवारी...” ते म्हणाले आणि थांबले.

“ताईचा पाईप पुसत होतास,” काकांनी वाक्य पुरं केलं. “आणि येईल त्याला सांगत होतास, असा हात पुन्हा होणे नाही. मला वर बसून इतकं हसू यायचं! एकदा तर ठसका लागला.”

“काका!” मी दटावलं, पण मलाही हसू फुटलं. मग आत्या हसल्या आणि शेवटी ताईही रडता रडता हसल्या. पहारेकरी तेवढे हसले नाहीत. त्यांनी जळका पाईप उचलला आणि कितीतरी वेळ उलटापालटा करून पाहिला.

“बाबा खूप हसले?”

“इतके, की मला वाटलं, खोकल्याची ढास लागेल. लागली नाही. घरात येऊन दोन्ही वेळा पोटभर जेवले.”

“मी परत आलो तेव्हा खुशीत होते. मला वाटलं, औषध लागू पडलं.” पहारेकऱ्यांनी नाक ओढलं. “ताई, ही कड घासून काढता येईल?”

“येईल. थोडी उंची कमी होईल, एवढंच.”

“मग काढ. आणि हा काकांना दे. ओढू देत. पाईप ओढायला असतो.”

काका इतक्या चपळाईने उठले की त्यांच्या गुडघेदुखीबद्दल मला शंका आली.

संग्रहालयाच्या बाई इतका वेळ हातातलं खोकं तसंच धरून बसल्या होत्या. आता त्यांनी घसा खाकरला. “आणि आमचं काय?”

“सहा तुमचे,” पहारेकरी म्हणाले. “पण आधीच सांगतो, आतून भोक तिरकं आहे. ओढले तर गुरगुरतील.”

“आमच्याकडे कोण ओढणार आहे!” बाई हसल्या. “बघायला तर अप्रतिम आहेत. सहा चालतील, मी तसं वरच्यांना सांगेन.” त्या उठल्या आणि मागच्या दाराकडे वळल्या. “मग ते आधी बांधून घेते. नंतर वर्कशॉप बघू या का? उद्या माणसं पाठवते, लेथ सोडवायला.”

ताईंनी मान खाली घातली. आता हे गप्प बसले तर मीच बोलणार, असं मी ठरवलं आणि तोंडही उघडलं.

पण पहारेकरी माझ्या आधी उठले. मागच्या दाराशी जाऊन बाईंच्या वाटेत उभे राहिले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “माफ करा, बाई. ते नाही देता येणार. तिथे काम चालू आहे.”